खबऱ्याचा जीव आणि इतरांचे जीव

१९७२ साली पश्चिम बेल्फास्टच्या कॅथॉलिक वस्त्यांमधून ‘फोर स्क्वेअर लाँड्री’ची गाडी फिरायची. दारोदार जाऊन कपडे गोळा करायचे आणि धुऊन, इस्त्री करून घरपोच द्यायचे, असा धंदा. दर इतरांपेक्षा कमी. गाडी चालवणारा तरुण, दारावर येणारी तरुणी. कपडे खरोखरच धुतले जात. फक्त धुण्याआधी त्यांची तपासणी होई. एखाद्या बाहीवर स्फोटकांचा किंवा बंदुकीच्या दारूचा अंश आहे का, आलेले शर्ट घरातल्या माणसांच्या मापाचे आहेत की कुणी परका पुरुष तिथे मुक्कामाला आहे, हे बारकाईने पाहिलं जाई. लाँड्री ब्रिटिश लष्कराची होती. चालक सैनिक होता आणि तरुणी लष्कराच्या महिला दलातली.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी ट्विनब्रुक वसाहतीत आयरिश रिपब्लिकन आर्मीने, म्हणजे आयआरएने, या गाडीवर गोळ्या झाडल्या. चालक ठार झाला, तरुणी वाचली. लाँड्रीचं बिंग फुटलं होतं ते लष्कराच्याच हस्तकांकडून. आयआरएतल्या दोन तरुणांना लष्कराने फितवलं होतं. आयआरएला त्यांचा संशय आला आणि चौकशीत ते बोलले. पुढे आयआरएने त्या दोघांनाही मारलं आणि गुपचूप पुरलं. त्यातला एक सतरा वर्षांचा होता. २०१५ साली सीमेपलीकडे, आयर्लंडच्या मीथ परगण्यातल्या दलदलीत त्यांचे अवशेष सापडले. तोवर त्रेचाळीस वर्षं उलटली होती.

आपल्याच नागरिकांच्या वस्तीत लष्कर उतरवलं आणि हेरखात्यांना मोकळं रान दिलं की काय होतं, हे उत्तर आयर्लंडइतक्या तपशिलाने फार थोड्या ठिकाणी नोंदवलं गेलं आहे. कारण तिथे नंतर न्यायाधीश आले, चौकशी आयोग आले, मानवी हक्कांचं युरोपीय न्यायालय आलं आणि तिजोरीबंद कागद एकेक करून बाहेर निघाले. ते वाचताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर उभा राहतो. खबऱ्याला वाचवण्यासाठी इतर किती माणसं मरू द्यायची, हे कुणी ठरवलं आणि त्याला तो अधिकार कुणी दिला?

आधी पार्श्वभूमी. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेकडचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथे प्रोटेस्टंट बहुसंख्य, ब्रिटनशी एकनिष्ठ. कॅथॉलिक अल्पसंख्य, त्यांतल्या बहुतेकांची ओढ आयर्लंडकडे. बेल्फास्टच्या स्टॉरमाँट इथल्या प्रांतिक संसदेवर जवळपास पन्नास वर्षं एकाच पक्षाची सत्ता होती. नोकऱ्या, मतदान आणि सरकारी घरं या तिन्ही बाबतींत कॅथॉलिकांवर अन्याय होत होता. डेरी शहरात कॅथॉलिकांची लोकसंख्या जास्त असूनही प्रभागांच्या सीमा अशा आखल्या होत्या की नगरपालिका प्रोटेस्टंटांच्याच हाती राहावी. १९६८ च्या जूनमध्ये कॅलेडन नावाच्या छोट्या गावात एक सरकारी घर कॅथॉलिक कुटुंबांना डावलून एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला दिलं गेलं, आणि प्रांतिक संसदेतले एक तरुण सदस्य ऑस्टिन करी निषेध म्हणून त्या घरात जाऊन बसले. तिथून नागरी हक्कांच्या मोर्चांना जोर आला. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरीतल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि ते चित्रण घराघरांतल्या टीव्हीवर दिसलं.

ऑगस्ट १९६९ मध्ये डेरीच्या बॉगसाइड भागात लोक आणि पोलीस यांच्यात तीन दिवस धुमश्चक्री चालली. बेल्फास्टमध्ये कॅथॉलिकांच्या गल्ल्याच्या गल्ल्या जाळल्या गेल्या. १४ ऑगस्टला लंडनने लष्कर रस्त्यावर आणलं. ‘ऑपरेशन बॅनर’ असं त्या तैनातीचं नाव. थोड्या दिवसांचं काम, असं सगळे धरून चालले होते. ती तैनाती संपली ती ३१ जुलै २००७ रोजी.

सुरुवातीला कॅथॉलिक बायकांनी या सैनिकांना चहा आणि सँडविच आणून दिले, ही गोष्ट तिथे सगळे सांगतात आणि ती खरी आहे. पोलिसांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. लष्कर तरी निःपक्षपाती असेल, असं वाटत होतं. हा विश्वास वर्षभरही टिकला नाही. ३ जुलै १९७० रोजी बेल्फास्टच्या फॉल्स भागात हत्यारांसाठी झडत्या सुरू झाल्या, दगडफेक झाली आणि लष्कराने दाट वस्तीच्या त्या गल्ल्यांवर संचारबंदी लादली. घरांची दारं फुटली, फरशा उखडल्या गेल्या, अश्रुधुराने गल्ल्या भरून गेल्या. चार नागरिक मेले. दुसऱ्या दिवसाच्या पुढेही संचारबंदी चालू राहिली, तेव्हा शेजारच्या भागातल्या शेकडो बायका बाबागाड्यांमध्ये पाव आणि दूध भरून सैनिकांच्या रांगा ढकलत आत शिरल्या आणि तिथेच ती संपली. मिळालेल्या बंदुकांची यादी लष्कराच्या कागदावर चांगली दिसली असेल. गमावलं ते कुठल्याच यादीत आलं नाही.

या काळात बेल्फास्टमधल्या ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर फ्रँक किट्सन. केनियातला माऊ माऊ उठाव आणि मलाया इथे त्यांनी काम केलं होतं. १९७१ मध्ये त्यांचं कमी तीव्रतेच्या युद्धावरचं पुस्तक आलं आणि जगभरच्या लष्करी शाळांमध्ये ते वाचलं गेलं. विचार असा, की बंडखोराला शोधायचं तर आधी त्याच्या भोवतालच्या समाजाची माहिती हवी. त्यासाठी खबरे हवेत, पकडलेल्या बंडखोरांना आपल्या बाजूने वळवायला हवं, साध्या वेषातली छोटी पथकं हवीत. लाँड्रीची गाडी चालवणारी ‘मिलिटरी रिअ‍ॅक्शन फोर्स’ ही याच काळातली. वसाहतीत वापरलेल्या या पद्धती मतदान करणाऱ्या नागरिकांवर, वृत्तपत्रं आणि न्यायालयं चालू असलेल्या प्रांतात वापरल्या गेल्या. केनियातलं केनियात झाकून गेलं. बेल्फास्टमध्ये ते शक्यच नव्हतं.

९ ऑगस्ट १९७१ ची पहाट ही माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी घोडचूक. ‘ऑपरेशन डिमिट्रियस’ या नावाने लष्कराने घराघरांतून ३४२ जणांना उचललं आणि खटल्याशिवाय स्थानबद्ध केलं. आणीबाणीत ‘मिसा’खाली आत गेलेल्यांची घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या पहाटेचा अर्थ वेगळा सांगायला नको. पोलिसांच्या स्पेशल ब्रांचने दिलेल्या याद्या कमालीच्या जुन्या होत्या. तीस-चाळीस वर्षांपूर्वी चळवळीत असलेले म्हातारे, नागरी हक्कांचे कार्यकर्ते, बापाऐवजी मुलगा आणि मुलाऐवजी बाप असे लोक उचलले गेले. आयआरएचे खरे म्होरके आधीच सुगावा लागून पसार झाले होते. शंभराहून जास्त जणांना दोन दिवसांत सोडून द्यावं लागलं. पहिल्या दिवशी उचललेल्यांत प्रोटेस्टंट सशस्त्र गटांचा एकही माणूस नव्हता. तो पहिला माणूस आत गेला १९७३ च्या फेब्रुवारीत. डिसेंबर १९७५ मध्ये स्थानबद्धता बंद झाली, तोवर १,९८१ जण आत जाऊन आले होते. त्यांतले प्रोटेस्टंट १०७.

अटकसत्राच्या पहिल्या तीन दिवसांत बॅलीमर्फी भागात दहा निःशस्त्र माणसं गोळीबाराला बळी पडली. त्यांत जखमीला मदत करायला धावलेला एक धर्मगुरू होता आणि आठ मुलांची एक आई होती. ते बंदूकधारी होते, असं लष्कराने सांगितलं. मे २०२१ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी, मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी ते दहाही जण पूर्णपणे निर्दोष होते असा निर्वाळा दिला.

स्थानबद्धांपैकी चौदा जणांवर ‘खोल चौकशी’चा प्रयोग झाला. डोक्यावर काळी पिशवी, भिंतीला बोटांच्या टोकांवर टेकून तासन्‌तास उभं राहणं, कानठळ्या बसवणारा सततचा आवाज, झोप नाही, पोटाला अन्नपाणी जेमतेम. या पाच पद्धतीही वसाहतींमधून शिकून आणलेल्या. आयर्लंड सरकारने ब्रिटनला युरोपीय न्यायालयात खेचलं. १९७८ च्या निकालात ही वागणूक अमानुष आणि मानहानीकारक ठरली, मात्र तिला ‘छळ’ म्हणायला न्यायालय तयार झालं नाही. पुढे कितीतरी वर्षं दुसऱ्या देशांच्या वकिलांनी आपल्या चौकशीकोठड्यांच्या बचावासाठी याच निकालाचा आधार घेतला. शेवटी २०२१ मध्ये ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आजच्या मापाने तो छळच ठरेल.

यातून माहिती किती मिळाली आणि आयआरएला भरती किती मिळाली, याचा हिशोब लष्करानेच मांडला आहे. २००६ मध्ये ऑपरेशन बॅनरचं मूल्यमापन करणारा लष्करी अहवाल तयार झाला, लष्करप्रमुख जनरल माइक जॅक्सन यांच्या प्रस्तावनेसह. स्थानबद्धतेचा तो निर्णय मोठी चूक होती, असं त्यात सरळ लिहिलं आहे. हेच जॅक्सन ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत पॅराशूट रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये कॅप्टन म्हणून हजर होते. स्थानबद्धतेविरुद्ध निघालेल्या मोर्चावर त्या बटालियनने त्या रविवारी गोळीबार केला. तेरा जण त्या दिवशी गेले, एक नंतर. लॉर्ड विजरी यांच्या चौकशीने काही आठवड्यांत लष्कराला बव्हंशी मोकळं केलं. लॉर्ड सॅव्हिल यांची दुसरी चौकशी १९९८ मध्ये सुरू झाली, तिला बारा वर्षं आणि १९ कोटी पौंडांहून जास्त पैसे लागले. १५ जून २०१० रोजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेत उभं राहून देशाच्या वतीने माफी मागितली. मेलेल्यांपैकी कुणापासूनही सैनिकांना धोका नव्हता, हा सॅव्हिल यांचा निष्कर्ष होता.

हे लिहिताना दुसऱ्या बाजूचा हिशोब झाकून चालणार नाही. जेमतेम पंधरा लाख वस्तीच्या त्या प्रांतात तीस वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यांतली सुमारे साठ टक्के आयआरए आणि तिच्यासारख्या गटांनी मारली. प्रोटेस्टंट सशस्त्र गटांनी सुमारे तीस टक्के, सुरक्षा दलांनी दहा टक्के. २१ जुलै १९७२ च्या दुपारी बेल्फास्टमध्ये आयआरएने वीसेक बाँब पाठोपाठ उडवले आणि नऊ माणसं चिंधड्या होऊन मेली. १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दारूगुत्त्यांत २१ जण गेले. आपल्या शेवटच्या व्हाइसरॉयना, लॉर्ड माउंटबॅटन यांना, २७ ऑगस्ट १९७९ रोजी मुलाघमोरच्या किनाऱ्यावर नौकेत बाँब ठेवून मारण्यात आलं. त्या नौकेत दोन पोरंही मेली. एक चौदा वर्षांचा, एक पंधरा वर्षांचा. त्याच दुपारी वॉरनपॉइंटला रस्त्याकडेच्या स्फोटांत १८ सैनिक गेले. गुप्त माहितीची गरज खरी होती. बाँब फुटण्याआधी कळला तर माणसं वाचतात, हे नाकारून या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

अडचण होती ती ही माहिती कोण, कशी मिळवतो त्यात. पोलिसांची स्पेशल ब्रांच, लष्कराचं ‘फोर्स रिसर्च युनिट’, आणि एमआय-५ हे देशांतर्गत हेरखातं, अशी तीन दुकानं एकाच गल्लीत. प्रत्येकाचे खबरे वेगळे, आणि आपला खबऱ्या दुसऱ्याला कळू न देण्याची धडपड. १९७६ नंतर पोलिसांना पुढे आणि लष्कराला मागे ठेवायचं धोरण आलं. १९८० मध्ये एमआय-५ चे पॅट्रिक वॉकर यांनी पोलिसांच्या कामकाजावर अहवाल दिला, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या शिफारशी आदेश म्हणून लागू झाल्या. हा अहवाल लोकांसमोर यायला २०१८ उजाडलं. त्यातली मुख्य बाब अशी, की गुन्हे तपासणाऱ्या पोलिसांनी कुणाला अटक करण्याआधी स्पेशल ब्रांचला विचारायचं. पकडलेला माणूस खबऱ्या म्हणून उपयोगी पडणार असेल तर त्याच्यावर खटला भरण्यापेक्षा त्याला कामाला लावणं महत्त्वाचं. ब्रांचकडची माहिती तपास अधिकाऱ्यांकडे किती जाऊ द्यायची, तेही ब्रांचच ठरवणार.

खुनाचा तपास करणारा साधा पोलीस अंमलदार या आदेशाखाली काय करणार, याचा विचार करून पाहा. त्याला ज्याचा संशय आहे तो शेजारच्या खोलीतल्या अधिकाऱ्याच्या पगारी यादीवर असू शकतो, आणि हे त्याला कधीच सांगितलं जाणार नाही. कायद्याचं राज्य त्या दोन खोल्यांमधल्या भिंतीपाशी येऊन थांबतं.

१९८२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आर्मा परगण्यात पोलिसांच्या खास पथकाने सहा जणांना मारलं, सगळे निःशस्त्र. त्यांतला सतरा वर्षांचा एक मुलगा गवताच्या गोठ्यात मारला गेला. त्याचं कुठल्याही संघटनेशी नातं नव्हतं. त्या गोठ्यात स्फोटकांवर नजर ठेवण्यासाठी एमआय-५ ने चोरून मायक्रोफोन बसवला होता, म्हणजे पोलिसांनी आधी इशारा दिला होता की नाही, याचा पुरावा टेपवर होता. मँचेस्टरचे उपप्रमुख पोलीस अधिकारी जॉन स्टॉकर १९८४ मध्ये चौकशीसाठी आले, त्यांनी ती टेप मागितली, आणि ती त्यांना मिळाली नाही. पुढे ती नष्ट झाल्याचं उघड झालं. १९८६ मध्ये स्टॉकर यांना चौकशीवरून बाजूला करण्यात आलं. १९८८ च्या जानेवारीत ब्रिटनच्या महाधिवक्त्यांनी संसदेत सांगितलं की न्यायात अडथळा आणल्याचा पुरावा आहे, पण राष्ट्रहित पाहता कुणावरही खटला भरला जाणार नाही.

मग पॅट फिनुकेन. बेल्फास्टमधले वकील, आयआरएच्या माणसांचे खटले लढवायचे; प्रोटेस्टंट अशिलांचेही घ्यायचे. पोलीस कोठडीत असलेल्या प्रोटेस्टंट गटांच्या माणसांना ‘तुम्ही या वकिलाला का सोडता’ असं सुचवलं जात असे, हे नंतर उघड झालं. १७ जानेवारी १९८९ रोजी गृहखात्याचे एक मंत्री लंडनच्या संसदेत बोलले की उत्तर आयर्लंडमधल्या काही वकिलांना आयआरएबद्दल जास्तच सहानुभूती आहे. चार आठवडेही झाले नाहीत, आणि १२ फेब्रुवारीच्या रविवारी संध्याकाळी फिनुकेन बायको आणि तीन मुलांबरोबर जेवायला बसलेले असताना दोन बुरखाधारी घरात शिरले. चौदा गोळ्या. बायकोच्या पायालाही गोळी लागली. मुलं टेबलाशी होती.

मारेकरी ‘अल्स्टर डिफेन्स असोसिएशन’ या प्रोटेस्टंट संघटनेचे. ज्याने हत्यार पुरवलं तो पोलिसांच्या स्पेशल ब्रांचचा खबऱ्या होता. संघटनेचा माहितीप्रमुख ब्रायन नेल्सन हा माजी सैनिक. लष्कराच्या फोर्स रिसर्च युनिटने १९८७ मध्ये त्याला जर्मनीतून मुद्दाम परत आणून तिथे बसवला होता. कुणाला मारायचं त्यांची छायाचित्रं, पत्ते, ये-जा यांची कार्डं तयार करणं हे नेल्सनचं काम. आयआरएशी जोडलेल्या सिन फेन पक्षाचे नेते गेरी अ‍ॅडम्स यांच्यावरचा एक हल्ला त्याच्या माहितीमुळे टाळण्यात आला. म्हणजे टाळायचं ठरवलं तर टाळता येत होतं. इतरांच्या बाबतीत ते ठरवलं गेलं नाही.

इंग्लंडमधले पोलीस अधिकारी जॉन स्टीव्हन्स १९८९ च्या सप्टेंबरमध्ये चौकशीला आले. नेल्सनला अटक करण्याची तयारी झाली आणि नेमक्या त्याच सुमारास, १० जानेवारी १९९० च्या रात्री, कॅरिकफर्गस इथल्या पोलीस आवारात त्यांच्या कार्यालयाला आग लागली. धोक्याची घंटा वाजली नाही, फोन बंद होते. ही आग मुद्दाम लावली गेली, असं स्टीव्हन्स यांनी पुढे लिहून ठेवलं. नेल्सनकडच्या कागदांचा साठा लष्कराने त्यांच्यापासून दडवला होता. २००३ पर्यंत त्यांनी एकूण तीन चौकशा केल्या आणि सुरक्षा दलं व मारेकरी यांच्यात साटंलोटं होतं असा निष्कर्ष काढला. २०१२ मध्ये फिनुकेन यांच्या खुनावरच्या सर डेस्मंड डि सिल्वा यांच्या अहवालाने आणखी एक आकडा बाहेर आणला. एमआय-५ च्याच १९८५ मधल्या अंदाजानुसार अल्स्टर डिफेन्स असोसिएशनकडे असलेली ८५ टक्के माहिती सुरक्षा दलांतूनच गळलेली होती. हेरखात्याला हे खुनाच्या चार वर्षं आधी ठाऊक होतं.

डि सिल्वा यांनी दाखवलेली दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. खबऱ्याने किती गुन्हा केला तर चालेल, कुठे थांबवायचं, हे सांगणारा कायदाच त्या काळात नव्हता. गृहखात्याच्या १९६९ च्या मार्गदर्शक सूचना होत्या, त्या साध्या चोर-दरोडेखोरांच्या खबऱ्यांसाठी. सशस्त्र संघटनेत बसवलेल्या हस्तकाला त्या लागू पडत नाहीत, हे अधिकाऱ्यांनी वर कळवलं, नवे नियम मागितले. मंत्र्यांनी ते दिले नाहीत. लेखी परवानगी दिली तर जबाबदारी अंगावर येते. न दिली तर काम चालूच राहतं आणि हात कोरडे राहतात. खालच्या अधिकाऱ्यांच्या क्रौर्यापेक्षा वरच्यांनी बाळगलेलं हे मौन मला जास्त भयंकर वाटतं.

‘स्टेकनाइफ’चं प्रकरण याच मौनातून वाढलं. हे लष्कराच्या आयआरएतल्या सर्वांत मोठ्या हस्तकाचं टोपणनाव. हा माणूस आयआरएच्या अंतर्गत सुरक्षा पथकात होता, म्हणजे खबरे शोधून मारणाऱ्या पथकात. संशयिताला पळवायचं, दिवसेंदिवस कोंडून चौकशी करायची, कबुलीजबाब टेपवर घ्यायचा, आणि मग डोक्यात गोळी घालून प्रेत सीमेजवळच्या रस्त्याकडेला टाकायचं. काहींच्या घरच्यांना ती टेप ऐकवली गेली. खबऱ्याच खबऱ्यांना मारत होता आणि त्याला चालवणारं लष्कर ते जाणत होतं. २००३ मध्ये वृत्तपत्रांनी फ्रेडी स्कॅपाटिची हे नाव छापलं. त्यांनी ते नाकारलं आणि २०२३ मध्ये, कुठल्याही खुनाबद्दल शिक्षा न होता, मरण पावले.

‘केनोवा’ नावाची पोलीस चौकशी २०१६ मध्ये सुरू झाली आणि ८ मार्च २०२४ रोजी तिचा अंतरिम अहवाल आला. स्टेकनाइफने शेकडो जीव वाचवले, असं लष्करी वर्तुळात अनेक वर्षं सांगितलं जात होतं. केनोवाने कागद मोजले. वाचलेले जीव फार तर दहाच्या आसपास निघाले, आणि त्याच्यामुळे वाचले त्यापेक्षा गेले जास्त, असं अहवालाने म्हटलं. खून होणार हे आधी कळूनही खबऱ्या उघडा पडेल म्हणून काही खून होऊ दिले गेले, हेही त्यात आहे. त्या अहवालालाही स्टेकनाइफचं खरं नाव लिहिता आलं नाही. खबऱ्याबद्दल हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, या सरकारी पवित्र्याने त्याचे हात बांधले होते.

या अंधारात एका हेराचं काम मात्र मनापासून दाद द्यावी असं आहे. मायकेल ओटली, एमआय-६ या परदेशी हेरखात्याचे अधिकारी. डेरीतल्या ब्रेंडन डडी या व्यावसायिकाच्या मध्यस्थीने त्यांनी १९७० च्या दशकात आयआरएच्या नेतृत्वाशी संपर्काची एक वाट उघडली. डडी यांच्या घरी बैठका होत. जगासमोर सरकार म्हणत होतं की दहशतवाद्यांशी बोलणी नाहीत. १९७५ चा युद्धविराम, १९८१ चं तुरुंगातलं उपोषण, ज्यात दहा कैदी मेले, आणि १९९० नंतरच्या वाटाघाटी, या सगळ्यांत ती वाट कधी बंद पडत, कधी उघडत उपयोगी आली. १० एप्रिल १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ कराराला पोहोचायला तिचा हातभार लागला. समोरच्याला खरोखर काय हवं आहे हे सत्तेपर्यंत पोहोचवणं हेही हेरखात्याचंच काम, आणि त्यात खर्ची पडला तो डडी यांचा आयुष्यभराचा वेळ. ते २०१७ मध्ये वारले.

नंतर बरंच बदललं. २००१ मध्ये पोलीस दल नव्या नावाने आणि नव्या रचनेने उभं राहिलं. पोलिसांवरच्या तक्रारी पाहणारा स्वतंत्र लोकायुक्त आला. एमआय-५ ला १९८९ मध्ये प्रथमच संसदेच्या कायद्याची चौकट मिळाली, आणि खबऱ्यांच्या वापरावर २००० मध्ये कायदा झाला. पण जुन्या खुनांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने एक कायदा करून त्या काळातल्या मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशा आणि दिवाणी दावे बंद करायचं ठरवलं. माहिती देणाऱ्यांना, मग ते सैनिक असोत की आयआरएचे, माफी. पीडितांच्या दोन्ही बाजूंच्या कुटुंबांनी विरोध केला, हे त्या प्रांतात क्वचित घडणारं. डिसेंबर २०२३ मध्ये आयर्लंड सरकारने या कायद्यावरून ब्रिटनला पुन्हा युरोपीय न्यायालयात नेण्याचं जाहीर केलं. तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने तो कायदा मागे घेण्याची घोषणा केली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये फिनुकेन यांच्या खुनाच्या सार्वजनिक चौकशीलाही मान्यता दिली. त्यांच्या पत्नी पस्तीस वर्षं ती मागत होत्या.

आपल्याकडे इंटेलिजन्स ब्युरो आणि ‘रॉ’ या दोन्ही संस्था आजही संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्याविना चालतात. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, ते पुढे गेलं नाही. खबऱ्याचा गुन्हा, अधिकाऱ्याची परवानगी आणि मंत्र्याची जबाबदारी यांबद्दल लेखी नियम असावेत ही मागणी देशद्रोह नाही, हे ज्यांना पटवून द्यायचं आहे त्यांनी डि सिल्वा अहवालाचा दुसरा खंड काढून वाचावा. तो इंटरनेटवर सर्वांसाठी खुला आहे. त्यात मतं नाहीत. लष्कर, पोलीस आणि एमआय-५ यांचे त्या वेळचे मूळ गुप्त कागद छापले आहेत.